भाषेची ठेव कोणाची?

एखादी भाषा दूरदूरच्या माणसांनी हौसेने शिकावी, तिच्या कवितांची भाषांतरे व्हावीत, विद्यापीठांतून तिच्यावर व्याख्याने झडावीत. आणि नेमक्या त्याच काळात तिच्या स्वतःच्या गावात, चुलीपाशी, ती ऐकू येईनाशी व्हावी. अशा भाषेला भाग्यवान म्हणावे की अभागी?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. स्कॉटलंडच्या जनगणनेचे आकडेच तो विचारतात. त्या देशात गेलिक बोलू शकणारे लोक २०११ साली सुमारे ५७ हजार होते. २०२२ साली ते सुमारे ७० हजार झाले. शंभरांहून अधिक वर्षे घटत आलेल्या भाषेच्या बाबतीत ही वाढ आनंदाचीच होय. पण त्याच जनगणनेत दुसराही एक आकडा आहे. पश्चिमेकडील ज्या बेटांवर ही भाषा आजवर टिकून राहिली, तेथे ती बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५२ वरून ४५ वर उतरले. म्हणजे शहरात शिकणारे वाढले आणि बेटावर बोलणारे निम्म्याहूनही कमी उरले.

वाचकांपैकी अनेकांना स्कॉटलंडची ओळख विल्सन कॉलेजामुळे आणि तिकडून आलेल्या मिशनऱ्यांमुळे असेल. त्या देशाच्या भाषा तीन. एक इंग्रजी. दुसरी स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. सुमारे १५ लाख लोक ती बोलतात आणि रॉबर्ट बर्न्सची कीर्ती प्रामुख्याने तिच्यातील रचनांवर उभी आहे. बर्न्सचा पहिला संग्रह १७८६ साली निघाला, त्याच्या अवघ्या ६१२ प्रती छापल्या होत्या. आणि लौकर मोठे व्हायचे असेल तर स्कॉट्स सोडून शुद्ध इंग्रजीत लिही, असा सल्ला त्याला हितचिंतकांनीच दिला होता. त्याने तो फारसा मनावर घेतला नाही, हे जगाचे भाग्य. तिसरी भाषा गेलिक. ती आयरिश भाषेच्या कुळातील, इंग्रजीशी तिचे काडीचेही नाते दिसत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः तिच्याविषयी.

या भाषेला राज्यकर्त्यांनी काय वागविले, ते थोडक्यात सांगतो. १६१६ साली स्कॉटलंडच्या राजमंडळाने ठराव केला, की प्रत्येक धर्मग्रामात इंग्रजी शाळा निघावी आणि गेलिक भाषा समूळ नाहीशी व्हावी, कारण रानटीपणाचे मूळ तिच्यात आहे. आमच्या वाचकांना हे साल ओळखीचे वाटेल. त्याच १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. एक इंग्रज धर्मगुरू मराठीची थोरवी गात होता, त्याच वर्षी त्याच्या मायबेटावर एका भाषेला देशोधडीला लावण्याचा हुकूम निघत होता. (अर्थात आम्ही फार ताठ मानेने बोलण्यात अर्थ नाही. १६८४ साली गोव्याच्या विजरईने कोकणीवर असाच हुकूम काढला होता.) पुढे १८७२ चा शिक्षण कायदा आला, त्यात गेलिकचे नावही नव्हते. वर्गात गेलिक बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी दांडके अडकविल्याच्या आठवणी बेटांवरच्या घराघरांतून सांगितल्या जात.

इतक्या छळातून आलेल्या भाषेचे साहित्य जगापुढे नेणे हे सत्कार्यच, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणतो. गेलिकमधील नवा करार १७६७ साली निघाला, त्याआधीची गोष्ट घ्या. भाषांतर झाले तर पहाडी लोक इंग्रजी शिकणार नाहीत, वेगळेच राहतील, म्हणून ते होऊच नये असे म्हणणारी धार्मिक माणसे तेव्हा होती. त्यांच्याविरुद्ध १७६६ साली कडक शब्दांत पत्र लिहिले ते डॉ. सॅम्युअल जॉन्सनने. हा इंग्रज पंडित स्कॉटलंडची थट्टा करण्याची संधी सहसा दवडत नसे. पण देवाचे वचन माणसापासून राजकारणासाठी रोखून धरणे हे पाप आहे, हे त्याला स्वच्छ दिसले. बाहेरच्या माणसाची नजर लहान भाषेच्या कामी येते, ती अशी.

मात्र त्याच दशकात त्याच भाषेच्या नावावर दुसरेही एक प्रकरण घडले. जेम्स मॅकफर्सन नावाच्या तरुणाने १७६० पासून ‘ओसियन’ या प्राचीन गेलिक कवीची काव्ये म्हणून इंग्रजी पुस्तके काढली. सारा युरोप वेडा झाला. गटेने आपल्या कादंबरीत त्यांतील उतारे घातले, नेपोलियनचे ते आवडते पुस्तक होते. जॉन्सनने मात्र विचारले, मूळ हस्तलिखिते दाखवा. ती कधीच समाधानकारकपणे पुढे आली नाहीत. लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या कथागीतांचे काही धागे त्यांत होते, परंतु बहुतेक कापड मॅकफर्सनने स्वतः विणले होते. आम्हाला खंत वाटते ती वेगळीच. अ‍ॅलस्टर मॅक्डोनाल्ड हा खराखुरा गेलिक कवी तेव्हा हयात होता. त्याचा संग्रह १७५१ सालीच छापला गेला होता. डंकन बॅन मॅकिन्टायर हा दुसरा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, हरणे आणि डोंगर यांवरची त्याची दीर्घ गीते रेव्हरंड डोनाल्ड मॅक्निकल यांनी ऐकून उतरवून घेतली आणि १७६८ साली त्याचे पुस्तक निघाले. जगाने या दोघांकडे वळूनही पाहिले नाही. जगाला धुके, वारा आणि विलाप हवा होता, तो मॅकफर्सनने पुरविला. दूरच्या वाचकाला आवडेल असे काढून देण्याचा मोह होतो, तेव्हा घरातले खरे माणूस दाराआड राहते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे वळतो. फादर अ‍ॅलन मॅक्डोनाल्ड यांचा जन्म १८५९ साली फोर्ट विल्यम येथे झाला. गुरुविद्यालयीन शिक्षण स्कॉटलंडमध्ये आणि स्पेनमध्ये वायादोलीद येथे. गेलिकवरचे खरे प्रभुत्व त्यांनी मोठेपणी, माणसांत राहून, कमावले. १८८४ मध्ये ते साऊथ यूइस्ट बेटावर धर्मगुरू म्हणून आले आणि प्रकृती ढासळल्यावर शेजारच्या एरिस्के या चिमुकल्या बेटावर राहिले. कोळ्यांची वस्ती. सुधारणेच्या वादळातही ही बेटे कॅथलिक राहिली होती. फादर अ‍ॅलन आजाऱ्यांना भेटायला जात, मयताला जात, पाऊस थांबेपर्यंत कोणाच्या तरी चुलीपाशी बसत. आणि कानावर पडेल ते, म्हणजे म्हणी, गाणी, प्रार्थना, भुताखेतांच्या गोष्टी, माशांची नावे, वह्यांतून टिपून ठेवत. अनेक ठिकाणी सांगणाऱ्याचे नावही. १८९३ साली त्यांनी आपल्या लोकांसाठी गेलिक गीतांचे पुस्तक छापले. १९०३ साली एरिस्केच्या टेकडीवर चर्च उभे राहिले; त्यासाठी कोळ्यांनी एका रात्रीच्या मासळीचे उत्पन्न दिले, असे सांगतात. १९०५ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, फादर अ‍ॅलन वारले.

त्यांच्या हयातीतच एडा गुडरिच फ्रीअर नावाच्या एक बाई बेटांवर आल्या. गूढ गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या इंग्लंडमधील एका संस्थेने त्यांना भविष्यदर्शनाच्या शक्तीचा शोध घेण्यासाठी पाठविले होते. त्यांना गेलिक येत नव्हते. फादर अ‍ॅलन यांनी विश्वासाने आपल्या वह्या त्यांच्या हाती दिल्या. पुढे बाईंनी लंडनमध्ये व्याख्याने दिली, लेख छापले, १९०२ मध्ये बेटांवर पुस्तक काढले. जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले. पुष्कळ वर्षांनी जॉन लॉर्न कॅम्बेल या संशोधकाने त्या वह्या शोधून काढल्या आणि छापील मजकुराशी ओळ न ओळ ताडून पाहिल्या. बाईंच्या लेखनाचा फार मोठा भाग फादर अ‍ॅलन यांच्या वह्यांतून उचललेला निघाला. ऋण मात्र जेमतेम मान्य केलेले. कॅम्बेल यांचे हे विवेचन १९६८ साली पुस्तकरूपाने आले.

चोरी ती चोरी, असे म्हणून हा विषय मिटविता आला असता. पण नीतीचा प्रश्न इतका सोपा नाही. व्यापक वाचकवर्ग तर बाईंनीच मिळवून दिला होता! शिवाय असेही विचारता येईल, की वह्या तरी फादरांच्या कोठे होत्या? गोष्टी बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या. मग दोघांत फरक काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. फरक असा दिसतो, की फादर अ‍ॅलन ज्यांच्याकडून घेत, त्यांच्यातच राहत होते. त्यांची भाषा बोलत होते, त्यांना त्यांच्याच भाषेतील गीते परत देत होते, त्यांच्याच मातीत ते पुरले गेले. घेणे आणि देणे एकाच अंगणात होत होते. बाईंनी घेतले एका अंगणात आणि दिले दुसऱ्या.

पण ही कसोटी सर्वांना लावू गेलो तर आमचीच पंचाईत होते. फादर अ‍ॅलन यांचे स्नेही अलेक्झांडर कार्मायकेल हे अबकारी खात्यात होते. नोकरीनिमित्त बेटोबेटी फिरताना त्यांनी लोकांच्या प्रार्थना गोळा केल्या आणि १९०० साली ‘कार्मिना गॅडेलिका’ या नावाने दोन खंड काढले. एका पानावर गेलिक, समोर इंग्रजी. सकाळी चूल पेटविताना, गाय पिळताना, रात्री निखारे राखेखाली झाकताना म्हणायच्या त्या प्रार्थना. बेटावरची बाई त्रैक्याचे नाव घेऊन विस्तव झाकी आणि घर पवित्र मरियेच्या हवाली करी. पुढे अभ्यासकांनी कार्मायकेल यांची हस्तलिखिते तपासली, तेव्हा दिसले की त्यांनी शब्द घासूनपुसून, जुनाट करून, कोठे कोठे भर घालून छापले होते. हा दोषच. तरीही त्यांनी हे केले नसते तर त्यांतल्या कित्येक प्रार्थना त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेल्या असत्या. आम्ही त्यांना मॅकफर्सनच्या पंक्तीला बसवू शकत नाही. निर्दोष म्हणण्यासही जीभ रेटत नाही.

विसाव्या शतकात हाच पेच कवींच्या स्वतःच्या वाट्याला आला. रासे बेटावर जन्मलेला सॉर्ली मॅक्लीन हा या भाषेचा त्या शतकातील सर्वांत मोठा कवी. त्याचा प्रसिद्ध संग्रह १९४३ चा. आपल्या कवितांची इंग्रजी रूपे तो स्वतःच करी आणि ती मूळ कवितेसमोर छापली जात. त्यामुळेच तो जगाला कळला. पण पुढच्या पिढीतील क्रिस्टोफर व्हाइट या गेलिक कवीने आक्षेप घेतला: समोर इंग्रजी असले, की वाचक गेलिककडे पाहतच नाही, मूळ पान शोभेचे उरते. आक्षेप खोटा नाही. परंतु मॅक्लीनचे दुसरे काम विसरू नये. तो प्लॉक्टन येथील शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि ज्यांच्या घरी गेलिक नाही अशा मुलांसाठी त्या विषयाची वेगळी परीक्षा असावी म्हणून तो वर्षानुवर्षे भांडला. ती १९६८ साली सुरू झाली. एका हाताने जगाला देणाऱ्याने दुसऱ्या हाताने घरच्या फळ्यावर लिहिले.

आज साधने फार वाढली आहेत. गेलिक शिकविणारा मोबाइलवरचा पाठ्यक्रम २०१९ साली सुरू झाला आणि जगभरच्या लक्षावधी लोकांनी तो उघडून पाहिला. २०२५ साली स्कॉटलंडच्या संसदेने गेलिक आणि स्कॉट्स यांना अधिकृत भाषांचा दर्जा देणारा कायदा केला. १६१६ च्या ठरावाला चारशे नऊ वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. त्या शिकणाऱ्यांची थट्टा करण्याची फॅशन आहे, ती आम्हाला मान्य नाही. फादर अ‍ॅलनही मोठेपणी शिकलेच होते. आमची शंका एवढीच: बेटावरच्या आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ना कायद्याने ठरते, ना दूरच्या वाचकाच्या कौतुकाने. घर, रोजगार, शाळा आणि मासेमारी यांच्या आधाराने तरुण जोडपी तेथे राहिली, तर भाषा राहील.

हा लेख लिहिताना एक नाव आम्हाला सारखे अडवीत होते. डंकन बॅनची गीते उतरवून घेणारे मॅक्निकल आम्ही वर सांगितले. त्याच आडनावाचे दुसरे स्कॉटिश मिशनरी, डॉ. निकल मॅक्निकल, पुण्यात राहिले, ना. वा. टिळकांचे स्नेही झाले, आणि १९१९ साली त्यांनी ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम आदी संतांच्या १०८ अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्या भाषांतराने मराठीचे काही गेले नाही. अभंग तर वारकऱ्यांच्या तोंडी होतेच. मूळ धनी जिवंत आणि गाता असला, म्हणजे भाषांतर हे निव्वळ दान ठरते.

गाता नसेल तर? काही वर्षांपूर्वी एक अभ्यासक आमच्या धर्मग्रामात लग्नाची जुनी गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी आले. ओळख आम्हीच करून दिली. नव्वदीला टेकलेल्या एका आजीबाई दोन दुपारी त्यांच्यासाठी गायल्या. शेवटी त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “फादर, हे गाणं ते कोणाला ऐकवणार?” आम्ही मोठ्या उत्साहाने परिषदा, परदेशातले विद्वान वगैरे सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या नातीला एक प्रत द्यायला सांगा. तिचं लग्न व्हायचंय.” आम्ही शब्द दिला. गुडरिच फ्रीअर बाईंविषयी हे सारे लिहून झाल्यावर आठवले, की ती प्रत अजून आलेली नाही. आणि एकदा पत्र पाठवून, उत्तर न आल्यावर, आम्ही पुन्हा विचारलेलेही नाही. आजीबाई रविवारी मिस्सा झाल्यावर भेटतात. नातीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. दुसरे पत्र आज लिहीत आहोत.