मोजणी आणि निवेदन : एक नैतिक प्रश्न

सामाजिक सर्वेक्षणात संख्यात्मक आणि गुणात्मक सामग्रीचा मेळ घालावा, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. व्यवहारात मात्र सारणीला मुलाखतीतील एखाद्या उताऱ्याची जोड देणे, एवढाच त्याचा अर्थ बहुधा उरतो. संख्या आधी असते आणि अर्थ तिला मागाहून लाभतो, हे त्यामागील गृहीतक होय. जनगणनेतील मातृभाषेची नोंद तपासली असता ते टिकत नाही.

२०११ च्या जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावे अवर्गीकृत ठरली. आणि किमान दहा हजार भाषक असलेल्या १२१ भाषा सारणीत आल्या. म्हणजे मूळ सामग्री शब्दरूपच होती. कोणते नाव कोणत्या नावात सामावते, हा निर्णय अर्थनिर्णयनाचा आहे, मोजणी त्यानंतरची.

अहिराणीची गणना या सारणीत मराठीत नव्हे, तर खानदेशीत होते. परंतु घरी अहिराणी बोलणाऱ्याने 'मराठी' असे सांगितले, की तो मराठीच्या रकान्यात जातो. २००१ मध्ये खानदेशी भाषक सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. ही घट बोली सुटल्याची, की केवळ तिचे नाव सांगणे सुटल्याची? आकडा याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावे लागते. उलट, बोलीचा अभिमान बाळगणाऱ्या मोजक्या भाषकांच्या मुलाखतींतून ही घट कधी ध्यानातही आली नसती. दोन्ही सामग्रींनी परस्परांना असे प्रश्न विचारावेत, हाच मेळाचा खरा आशय होय. परस्परांना दुजोरा देणे हा त्याचा केवळ एक संभाव्य परिणाम आहे.

येथे पद्धतीचा प्रश्न नैतिक होतो. आपल्या भाषेचे नाव सांगणारा माणूस स्वतःविषयी विधान करीत असतो. वर्गीकरणात ते विधान दुसऱ्याच नावाखाली जमा होते, आणि त्याची वार्ता त्याला बहुधा लागत नाही. वर्गीकरण टाळता येणार नाही, हे खरे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणानेही वर्गीकरण केले आणि खानदेशीला भिल्ल भाषांच्या खंडात स्थान दिले. परंतु भाषकसंख्येसोबत त्याने बोलींचे नमुनेही छापले. त्यामुळेच त्याच्या निर्णयाशी आजही वाद घालता येतो. शब्दापासून संख्येपर्यंतची वाट वाचकाला आणि उत्तरदात्याला उलट चालून पाहता यावी, एवढी जबाबदारी सर्वेक्षकावर निश्चितच येते.