बघण्याचा रियाज

पंजाबातल्या एका रस्त्याच्या कडेला बालो नवऱ्याची शिदोरी घेऊन उभी आहे. नवरा, सुच्चासिंग, बसचा ड्रायव्हर. बस यावी, त्याने रोटी घ्यावी, एवढीच तिची रोजची अपेक्षा. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ची (१९७०) कथा सांगायची तर दोन वाक्यांत संपते. चित्रपट मात्र त्या वाट पाहण्यातच मुक्काम करतो. छायाचित्रकार के. के. महाजन यांनी २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोन लेन्सवर सगळी रचना उभारली. एकीतून घडणारे, दुसरीतून बालोच्या मनातले, असा हिशेब आधी बसतो आणि पुढे हळूहळू उलटा होतो. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झालेल्या या चित्रपटाला समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. थिएटरे मात्र त्याच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाहीत.

अशा चित्रपटांबद्दल एक निकाल ठरलेला असतो: हे सामान्य प्रेक्षकासाठी नाही. त्यात प्रेक्षकाचा सन्मान असल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात त्याला कमी लेखलेले असते. शांत, मंद चित्रपट पाहण्याची नजर काहींना जन्मतः मिळते आणि बाकीच्यांना कधीच मिळत नाही, हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

विलंबित ख्याल घ्या. गवई पंधरा-वीस मिनिटे एका रागाच्या काही स्वरांभोवती फिरतो, आणि सभागृहातले कोणी ‘पुढे काय झाले?’ असे विचारत नाही. हा श्रोता आकाशातून पडलेला नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे गावोगावी संगीत विद्यालये आणि म्युझिक सर्कल उभी राहिली, शेजारी बसलेल्या जाणत्याची मान कुठे डोलते हे पाहत नवखा श्रोता तयार झाला. मणी कौल स्वतः डागर घराण्याच्या उस्तादांकडे ध्रुपद शिकले. १९८२ साली त्यांनी ‘ध्रुपद’ हा चित्रपट केला, त्यात झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरीदुद्दीन डागर हे बंधू आहेत. आलापात स्वराला जेवढा अवकाश मिळतो, तेवढा पडद्यावर एखाद्या हाताला, भिंतीला, रस्त्याला द्यायचा, ही त्यांची ओढ समजून घेतली की ‘उसकी रोटी’ कोड्यासारखी वाटत नाही.

मग पडद्यासमोर हा शेजारी बसलेला जाणता कोण?

पुण्यात ते काम सतीश बहादुर यांनी केले. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारा आणि फिल्म सोसायटी चालवणारा हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवायला आला. ‘पथेर पांचाली’ हा त्यांचा जिवाभावाचा पाठ होता. एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा, शॉट सुटा करून बघायचा, आवाज कुठून येतो ते ऐकायचे. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या प्रिंट हाताशी होत्या, म्हणून हे शक्य झाले. हीच मंडळी कर्नाटकात हेग्गोडूलाही शिकवायला गेली. सागर तालुक्यातले हे सुपारीच्या बागांचे गाव. के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ने तिथे गावकऱ्यांसाठी जगभरचे चित्रपट आणले, रसास्वाद शिबिरे भरवली. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘सामान्य प्रेक्षकाला झेपत नाही’ म्हणणाऱ्यांनी हेग्गोडूचे काय करायचे, हे सांगावे.

न्यूयॉर्कची वाट वेगळी होती. माया डेरेन यांनी १९४६ मध्ये स्वतः नाट्यगृह भाड्याने घेऊन आपले प्रायोगिक चित्रपट दाखवले. त्यातून स्फूर्ती घेऊन एमॉस आणि मार्शिया व्होगेल यांनी पुढच्याच वर्षी ‘सिनेमा १६’ ही सोसायटी काढली. ती १९६३ पर्यंत चालली आणि तिची सभासदसंख्या एके काळी सात हजारांच्या घरात गेली. व्होगेल प्रायोगिक चित्रपटाशेजारी विज्ञानपट ठेवत, माहितीपट ठेवत, हातात टिपण देत. वर्गणी साऱ्या हंगामाची असे. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी वैताग आला तरी सभासद पुढच्या खेळाला पुन्हा येऊन बसे, आणि नजर घडते ती अशा पुन्हा येण्यातूनच.

जेम्स बेनिंग यांचा ‘थर्टीन लेक्स’ (२००४) हा कदाचित या शिक्षणाचा सर्वांत कठोर आणि सर्वांत सोपा धडा. तेरा सरोवरे, प्रत्येकाचा दहा मिनिटांचा एक अचल शॉट, खाली पाणी, वर आकाश. पहिल्या दोन मिनिटांत सगळे पाहून झाले असे वाटते, चुळबुळ सुरू होते. मग पाण्यावरची ढगाची सावली सरकल्याचे जाणवते. क्रेटर लेकच्या आरशासारख्या पाण्यावर बंदुकीचे आवाज येतात आणि इतका वेळ सुंदर वाटणारे चित्र एकाएकी अस्वस्थ करू लागते. बेनिंग कॅलिफोर्नियात शिकवताना विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याविना बाहेर नेत. काम एवढेच: बघायचे आणि ऐकायचे.

आपल्याकडच्या चर्चांत नेमके इथे चुकते. दिवे लागताच कोणीतरी माईक घेऊन चित्रपटाचा ‘अर्थ’ सांगतो, आणि ज्याला तो सुचला नव्हता तो खजील होऊन गप्प बसतो. त्याऐवजी आधी सांगावे की हा शॉट दहा मिनिटांचा आहे, तो कापला जाणार नाही. नंतर विचारावे, काय दिसले? काय ऐकू आले? कंटाळा कुठे आला? मग तोच तुकडा पुन्हा दाखवावा. मोबाइलवर दीडपट वेगाने मालिका संपवणाऱ्या मुलालाही या प्रश्नांची उत्तरे देता येतात, कारण त्यांत बरोबर-चूक नसते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) मराठी प्रेक्षकाची हीच परीक्षा घेतली. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो. पडदा काळा होतो आणि बराच वेळ तसाच राहतो. चित्रपट संपला, असे वाटून पर्स, चपला, मोबाइल शोधायला हात पुढे होतात. पण त्यानंतर न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला निघतात, आणि दुपारी रिसॉर्टमधल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते.