निष्कलंक सेवा

आपल्या मंडळ्यांत एक चांगली रीत आहे. कोणी बंधू अथवा भगिनी नोकरीतून निवृत्त झाली की रविवारच्या उपासनेत उपकारस्तुती होते. पाळकसाहेब प्रार्थना करतात, घरची मंडळी एखादे गीत गातात, आणि कोणी वडीलधारा उठून सेवेच्या वर्षांचा हिशेब सांगतो : रेल्वेत ३४ वर्षे, नौदलात १५, शाळेत ३१. त्या हिशेबाच्या शेवटी बहुधा एक शब्द ठरलेला असतो, तो म्हणजे ‘निष्कलंक’. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत असल्यामुळे हा शब्द माझ्या परिचयाचा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तो अर्पणाच्या कोकराला लावलेला आहे (१ पेत्र १:१९). कोकराचा शब्द आपण नोकरदाराला लावतो, तेव्हा आपल्याला नेमके काय म्हणायचे असते? वरिष्ठांचा ठपका नाही, चौकशी नाही, हिशेबात तूट नाही, एवढेच ना? पण ज्या कामात ती वर्षे गेली ते कामच अन्यायाचे असेल, आणि ते करताना माणसाचे मन त्याला एकदाही टोचले नसेल, तर त्या न टोचण्याला देवापुढे काय किंमत आहे?

हा प्रश्न मनात आला की मला १८व्या शतकातील एक इंग्रज खलाशी आठवतो. जॉन न्यूटन हे त्याचे नाव. ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता म्हणून आपण सर्व त्याला ओळखतो. त्याची गोष्ट आपण व्यासपीठावरून अशी ऐकलेली असते : गुलामांच्या जहाजावरचा एक पापी मनुष्य, समुद्रात भयंकर वादळ, देवाचा धावा, हृदयपालट, आणि त्या पापी धंद्याला कायमचा रामराम. मीही ती अशीच सांगत असे. तारखा लावून वाचू लागलो तेव्हा शेवटचा दुवा निखळून पडला.

तारखा अशा आहेत. १७४४ साली, वयाच्या १८व्या वर्षी, न्यूटनला इंग्लंडच्या नौदलाने सक्तीने पकडून ‘हार्विच’ या युद्धनौकेवर नेले. त्या काळी अशा धरपकडीला कायद्याचा आधार होता. वडील जहाजाचे कप्तान असल्याने त्यांची ओळख कामी आली आणि मुलाला मिडशिपमनचा, म्हणजे उमेदवार अधिकाऱ्याचा, दर्जा मिळाला. ‘हार्विच’ पाच वर्षांच्या सफरीवर पूर्वेला, आपल्या हिंदुस्थानकडे, निघायची होती. ज्या मुलीवर त्याचे मन जडले होते तिच्यापासून इतका काळ दूर राहणे त्याला सोसेना. प्लिमथला तो पळाला, पकडला गेला, बेड्या पडल्या, सर्वांसमोर फटके बसले आणि दर्जा गेला. पुढे मदिरा बेटाजवळ त्याची अदलाबदल एका व्यापारी जहाजावर झाली, आणि ते जहाज गुलामांच्या व्यापाराचे होते. एवढीच त्याची नौदलातील सेवा! तिला निष्कलंक कोणीच म्हणणार नाही. तथापि मला वाटते, त्याच्या सबंध समुद्रजीवनातील सर्वांत कमी कलंकाचा काळ कदाचित तोच असेल.

मार्च १७४८ मध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाजावर ते प्रसिद्ध वादळ आले. न्यूटनने देवाचा धावा केला. तो दिवस तो मरेपर्यंत दरवर्षी पाळीत असे. त्याच्या पश्चात्तापाच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. परंतु त्याच वर्षी तो गुलाम वाहून नेणाऱ्या दुसऱ्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला. १७५० पासून तो स्वतः कप्तान होता. ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’वर एक आणि ‘आफ्रिकन’वर दोन अशा त्याच्या तीन सफरी झाल्या. जहाजावर तो रविवारची उपासना घेई, शास्त्र वाची, पत्नीला प्रेमाने पत्रे लिही. आणि त्याच्या रोजनिशीत डिसेंबर १७५२ ची एक नोंद आहे. बंदिवान उठाव करणार आहेत हे वेळीच उघडकीस आले, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. आणि कबुलीजबाब मिळावा म्हणून मुलांना बेड्या घालून त्यांचे अंगठे यंत्रात थोडेसे आवळल्याचे लिहितो. वाचकहो, त्या ‘थोडेसे’पाशी मी फार वेळ थांबलो. क्रूर माणसाला असा शब्द सुचत नाही. ज्याला आपण दयाळू आहोत असे मनापासून वाटते, त्यालाच तो सुचतो.

ऑगस्ट १७५४ मध्ये तो शेवटच्या सफरीवरून लिव्हरपूलला परतला. त्या फेरीत ना खलाशी दगावला, ना बंदिवान. त्या धंद्यात ही अपूर्व गोष्ट होती. म्हणून लिव्हरपूलच्या चर्चमध्ये उपकारस्तुती झाली. आपल्याकडे होते तशीच!

त्याने समुद्र सोडला तो सदसद्विवेकबुद्धीने छळले म्हणून नव्हे. नव्या जहाजावर निघण्याच्या दोनच दिवस आधी त्याला अकस्मात झटका आला आणि वैद्यांनी प्रवास नको म्हणून सांगितले. अधिक माणुसकीचा उद्योग मिळावा अशी प्रार्थना आपण करीत असू, असे त्याने नंतर लिहिले आहे, आणि ते खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण या धंद्याची त्याची तक्रार आपल्याला तुरुंगाधिकाऱ्यासारखे वागावे लागते एवढीच होती. ते काम त्याला अप्रिय होते. ते पाप आहे हे त्याला दिसले नव्हते.

१७५५ मध्ये त्याला लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात अधिकाऱ्याची जागा मिळाली. हाताखाली ५०-६० माणसे, सहा वल्ह्यांची होडी, आणि विस्तव व मेणबत्ती यांची सोय असलेली कचेरी. एक आठवडा येणाऱ्या जहाजांवर चढायचे, दुसरा आठवडा गोदीतील जहाजे तपासायची. उरलेल्या वेळात तो ग्रीक, इब्री, सिरियाक शिकला. भाषांतरकार म्हणून मला या कचेरीचे मोठे आकर्षण आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दुष्कृत्ये करणाऱ्यांची एक यादी आहे (१ तीमथ्य १:९-१०). तिच्यात एक ग्रीक शब्द येतो, ‘अंद्रापोदिस्तेस’, म्हणजे माणसे पकडून गुलाम म्हणून विकणारा. ज्या ‘अंद्रापोदोन’ या शब्दापासून तो बनला, तो गुरांसाठी असलेल्या ‘चार पायांचे’ या शब्दाच्या धर्तीवर घडवलेला आहे : गुरे चार पायांची, आणि हा माल माणसाच्या पायांचा. न्यूटनने नव्या कराराचे ग्रीक वाचन नेटाने केले होते. तेव्हा हा शब्द त्याच्या नजरेखालून गेलाच असणार. कचेरीबाहेर त्या काळी गोदीत आफ्रिकेला जाणारी जहाजे उभी असत. पानावर शब्द, गोदीत जहाज, आणि या दोहोंच्या मध्ये बसलेला एक प्रामाणिक, प्रार्थनाशील जकातदार!

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे यार्देनेवर जकातदार आले आणि शिपाईही आले. आम्ही काय करावे, असे दोघांनी त्याला विचारले (लूक ३:१२-१४). योहानाने कोणालाच नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, पगारात समाधान माना, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. न्यूटन आयुष्यात शिपाईही होता आणि जकातदारही; त्या दोन्ही पदांसाठी त्याला तेथे उत्तर सापडले असते. त्याच्या तिसऱ्या उद्योगाचा माणूस मात्र यार्देनेवर आलेला दिसत नाही. मला वाटते, तो येतच नाही. ज्या कामाला सगळा गाव प्रतिष्ठित मानतो, ते करणाऱ्याला ‘मी काय करावे?’ हा प्रश्नच पडत नाही.

इंग्रजांकडे बोट दाखवण्याची घाई आपण करू नये. त्याच काळात पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री दप्तरात बिनदिक्कत नोंदली जात होती, आणि पोर्तुगीज गोव्यातील ख्रिस्ती घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. तेथेही संध्याकाळची प्रार्थना चुकत नसावी. हिंदुस्थानातील कंपनीच्या मुलखात गुलामीचे कायदेशीर अस्तित्व संपले ते १८४३ साली.

१७६४ मध्ये न्यूटनला दीक्षा मिळाली आणि तो ओल्नी गावचा पाळक झाला. ते गीत तेथल्याच १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले गेले. १७८० पासून तो लंडनला सेंट मेरी वूल्नॉथ चर्चमध्ये होता. (क्लॉडियस बुकॅनन हा तरुण तेथेच त्याच्या उपदेशाने बदलला, तो पुढे कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला. त्याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असत, आणि १८०५ मध्ये मत्तयाचे मराठी शुभवर्तमान त्यांच्याच खटपटीने निघाले. कृपेचे पाणी कोठून कोठे झिरपते!) या सर्व वर्षांत, १७७२ मध्ये सॉमरसेट खटल्याचा निकाल लागला, १७७४ मध्ये जॉन वेस्लीने गुलामीविरुद्ध पुस्तिका लिहिली, १७८३ मध्ये क्वेकर मंडळींनी पार्लमेंटकडे अर्ज केला. न्यूटनची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. समुद्र सोडून तेव्हा ३४ वर्षे झाली होती.

ही ३४ वर्षे मला सहज पचत नाहीत. त्याच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. संवय, आजूबाजूच्यांचे उदाहरण आणि स्वतःचा स्वार्थ यांनी आपले डोळे झाकले होते, हे त्यानेच सांगितले. आपली कबुली उशिरा येत आहे, हेही त्याने लपवले नाही. त्या काळात त्या व्यापारात असणाऱ्याला मन खात नसे, हा त्याचा दाखला खराच असावा. पण पौल करिंथकरांना जे लिहितो त्याचा रोख नेमका येथेच आहे : आपले मन आपल्याविरुद्ध काही सांगत नसले, तरी तेवढ्यावरून आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:४). सदसद्विवेकबुद्धीसाठी पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाच्या घडणीत ‘सोबत जाणणे’ हा भाव आहे. सोबतीला कोणी नसेल तर ती बुद्धी एकटी फारसे जाणत नाही, असे मला न्यूटनच्या चरित्रावरून वाटू लागले आहे. त्याला जागे केले ते एकांतातल्या प्रार्थनेने कमी, आणि त्या क्वेकरांनी, विल्बरफोर्ससारख्या तरुण मित्रांनी अधिक.

मग त्याच्या पश्चात्तापाचे फळ कोणते? जक्कयाने चौपट परत केले (लूक १९:८). न्यूटन कोणाला परत करणार? ती माणसे वेस्ट इंडीजच्या आणि अमेरिकेच्या मळ्यांत विकली गेली होती. बहुतेक मेलीही असतील. त्याच्याजवळ परत करण्यासारखी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे त्याची माहिती. जहाजाच्या तळाशी माणसे कशी ओळीने झोपवतात, दोघांना एका बेडीत कसे जखडतात, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कशी इजा होते, स्त्रियांचे काय होते, हे ज्याने हुकूम देऊन करवून घेतले होते तोच ते सांगू शकत होता. प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि नंतर पार्लमेंटच्या समितीपुढे या वृद्ध पाळकाने साक्ष दिली. या धंद्याने खलाशाचे मन कसे बधिर होते, हेही त्याने आवर्जून सांगितले. देवाने त्याला केव्हाच क्षमा केली होती, असे मी मानतो. तरी हे देणे शिल्लक होतेच, आणि ते फेडल्याने क्षमा विकत मिळणार नव्हती, हेही त्याला ठाऊक होते.

आपल्यातील जे बंधू कचेऱ्यांतून, कारखान्यांतून, गोदीतून निवृत्त होऊन घरी बसले आहेत, त्यांच्यापाशीही अशी माहिती असते. टेंडर कसे ठरत असे, कोणाची फाईल का अडत असे, रोजंदारीवरच्या माणसाच्या मजुरीतून किती कापले जाई. ‘आता जुने कशाला उकरायचे?’ असे आपण म्हणतो, आणि स्वतः हात ओले केले नाहीत एवढ्यावर समाधान मानतो. मीही म्हणतो. पण कापलेली मजुरी ज्याची होती, तो माणूस कदाचित अजून जिवंत असेल.

मार्च १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. न्यूटनला तेव्हा दिसत नव्हते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो वारला. आपल्या स्मृतिशिलेवरचा मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला होता. एकेकाळचा नास्तिक, स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचाही सेवक, आणि प्रभूच्या दयेने क्षमा पावून सुवार्तेसाठी नेमलेला, असे त्याने तेथे स्वतःविषयी म्हटले आहे. तरुणपणी सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर तो स्वतः हालअपेष्टा भोगत होता, त्या दिवसांचा तो उल्लेख आहे. ज्या दोन जहाजांचा तो कप्तान होता, त्यांचा त्या शिळेवर उल्लेख नाही.