चिठ्ठीविना आलेल्या आजी

रात्री साडेनऊला माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. गळ्यात तुळशीमाळ, हातात रिकामी स्ट्रिप. "बाळा, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. दे की दोन गोळ्या."

अल्प्राझोलाम. शेड्यूल एच-१: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मार्च २०१४ पासून या औषधांची वेगळी वही: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. तीन वर्षं जपायची. चिठ्ठी नव्हती; मी नाही म्हणालो.

"दया नाही रे तुला?"

ते लागलं. कारण माझा नकार कुणासाठी होता, आजींसाठी की इन्स्पेक्टरसाठी? परवान्याच्या भीतीनं केलेलं बरोबर काम धर्मात बसतं, की नुसत्या हिशेबात? पण दया तरी कुठे सोवळी असते! गोळी दिली असती तर आशीर्वाद मला, आणि पहाटे मोरीकडे जाताना तोल जायचा तो त्यांचा. (म्हातारपणी या गोळीनं पडायची भीती वाढते. वहीत त्याला रकाना नाही.)

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सकाळी पाठवा, म्हणाले. आजी स्टुलावर टेकल्या आणि धाकट्या लेकाबद्दल बोलू लागल्या. साडेदहा वाजले. वहीत लिहिण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.