घाबरणे हा अविश्वास आहे काय?

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूर भूकंपाने हादरले. तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री महाराजपुरात काय किंवा शहरातील इतर वस्त्यांत काय, ज्यांची छाती धडधडली, हातपाय कापले, त्यांच्या भयाला पाप कोण म्हणेल? संकटातून निसटता यावे म्हणून शरीराला लाभलेली ती राखण आहे.

परंतु, प्रिय वाचकहो, जमीन स्थिर असताना हीच राखण जागी झाली तर? घरी निवांत बसलेल्या किंवा उपासनेत उभ्या असलेल्या मनुष्याला तोच थरकाप सुटला, तर आपण चटकन म्हणतो, “विश्वास कमी पडला.” हा निवाडा न्यायाचा आहे काय?

आधी लक्षणे ओळखू या. भयाचा झटका अकस्मात येतो व बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो. धडधड, घाम, कंप, श्वास कोंडणे, मळमळ, घेरी, बोटांना मुंग्या आणि ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ अशी भीती, यांपैकी अनेक गोष्टी एकदम जाणवतात. झटका ओसरतो, पण तो पुन्हा येईल या धास्तीने मनुष्य बाजार, प्रवास, उपासनाही टाळू लागतो. चिंतेच्या विकाराचे रूप निराळे असते. महिनोन्महिने काळजी आवरत नाही, झोप उडते, अंग आखडते, चिडचिड वाढते. मात्र छातीत प्रथमच असे होऊ लागले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून ते सोडून देऊ नये. हृदयविकार, थायरॉइडचा दोष किंवा रक्तातील साखर घटणे यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून तपासणी आधी.

आता निवाड्याकडे वळू. पापाला मनाची संमती लागते. झटक्याला कोणी संमती देत नाही. तो अंगावर कोसळतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील चिंता न करण्याचा बोध पुढे करून आपण पीडिताला गप्प करतो. पण तेथील ग्रीक क्रियापदच दुसऱ्या अध्यायात तीमथ्याच्या प्रशंसेसाठी आले आहे, कारण तो इतरांची खरी काळजी वाहतो. अनुवादकाला तेथे संदर्भ पाहूनच शब्द निवडावा लागतो; मग माणसाविषयी बोलताना आपण त्याचा संदर्भ का पाहू नये? रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने दोष दिला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले.

दोष दिल्याने भय जात नाही. ते लपविले जाते, आणि लपविलेल्या दुखण्यावर उपचार होत नाहीत. समुपदेशनाने व आवश्यक तेथे औषधाने पुष्कळांना आराम पडतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. प्रार्थना अवश्य करावी. पण औषध घेणाऱ्याला प्रार्थनेचा विरोधक ठरवू नये.

म्हणून, वाचकहो, शेजारी कोणी थरथरू लागला, तर त्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर सावकाश श्वास घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला वैद्याकडे घेऊन जा. त्या घटकेला परीक्षा त्याच्या विश्वासाची नसून आपल्या प्रीतीची असते.