प्रशिक्षक हवा कुठे?

रणजीचा हंगाम जवळ आला की अमरावतीच्या राजकमल चौकात आणि अकोल्याच्या टॉवर चौकात एक वाद नव्याने पेटतो. विदर्भाच्या संघाला प्रशिक्षक कसा हवा? एक जण म्हणतो, "पंडित होता तवा पोट्टे टायमावर मैदानात दिसायचे, नाई तं घरी." दुसरा त्याला अडवतो, "बाहेरचा कायले पाहिजे भाऊ? आपल्या माणसानं नाई का जिंकून दाखवलं?" मग जुने सामने निघतात, निवड समितीचा उद्धार होतो, यंदा बाद फेरी गाठणार की नाही यावर चहाची पैज लागते. हा वाद मला मनापासून मोलाचा वाटतो. नापिकी आणि सिंचनाचा अनुशेष यांच्याच बातम्यांत ज्या प्रदेशाचं नाव छापून येतं, तिथली माणसं आपल्या संघाच्या भवितव्यावर हक्काने भांडतात, तेव्हा ती त्या संघाची मालकी सांगत असतात.

वादाच्या दोन्ही बाजूंना पुरावा आहे. विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळत आला, पण साठ वर्षांत अंतिम फेरी दिसली नाही. मग २०१७-१८च्या हंगामासाठी मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. कडक शिस्तीचा माणूस. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर फैज फझलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आणि अक्षय वाडकरचं शतक त्याच सामन्यातलं. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचं रणजी पदार्पणही तिथलंच, थेट अंतिम सामन्यात. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्यात सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा नागपुरात राहिला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले. २०२०मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२मध्ये त्या संघालाही पहिला रणजी करंडक मिळाला. बाहेरच्या माणसाच्या बाजूने याहून मोठी साक्ष कुठली?

पण दुसरी साक्षही तितकीच भक्कम आहे. उस्मान घनी हे विदर्भाकडूनच खेळलेले. त्यांच्या हाताखाली संघाने २०२४मध्ये वानखेडेवर अंतिम सामना खेळला आणि मुंबईकडून हरला. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक आला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीतला विक्रम मोडला. यश राठोडने ९६० धावा केल्या. घरचा माणूसही जिंकतो, हे सिद्ध झालं.

मग वाद सुटतो का? सुटत नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. पंडितांना आणि घनींना मिळालेले खेळाडू कुठून आले होते, हे आपण विचारत नाही. पंडित इंदूरमध्ये जिंकले त्याच हंगामात अकोल्याच्या अथर्व तायडेने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा केल्या. त्याच तायडेने २०२५च्या इराणी चषकात शेष भारताविरुद्ध १४३ केल्या. मधल्या काळात मुख्य प्रशिक्षक बदलले, पण मुलगा तोच. त्याच्या बॅटीला वळण कुणी लावलं? मुख्य प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तो विशीतला. प्रशिक्षक त्याला शिस्त लावू शकतो, त्याची जागा ठरवू शकतो, त्याची भीती घालवू शकतो. पण पहाटे उठण्याची सवय, पायाची हालचाल, हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत येण्याची चिकाटी हे सगळं बाराव्या-तेराव्या वर्षी ठरलेलं असतं. त्या वयात त्याच्यासमोर कोण उभं होतं, यावर पुढचं सगळं उभं राहतं.

पंडितांचीच गोष्ट पाहा. ते रमाकांत आचरेकरांचे शिष्य. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांनी आयुष्य घालवलं ते शिवाजी पार्कवरच्या शाळकरी मुलांमध्ये. त्या मुलांतला एक पुढे आम्हां वऱ्हाडकरांना करंडक देऊन गेला. म्हणजे आपण ज्याला विदर्भाचं यश म्हणतो, त्यात दादरच्या एका शाळा-प्रशिक्षकाचाही वाटा आहे.

असा शिक्षक घडवण्याची परंपरा अमरावतीला नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये इथे व्यायामशाळा काढली, तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. या मंडळाचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेलं आणि त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पण मला त्या प्रवासापेक्षाही मोठं वाटतं ते मंडळाचं रोजचं काम. मंडळाने पहिलवानांबरोबरच शिकवणारी माणसंही तयार केली. इथे शिकलेले व्यायामशिक्षक गावोगावच्या शाळांत गेले आणि तिथे मुलं खेळू लागली. एका शिक्षकामागे किती पिढ्या उभ्या राहतात, हे त्या काळच्या अमरावतीला नेमकं ठाऊक होतं.

आज मात्र चर्चा वरच्या टोकालाच थांबते. तशी ती अमेरिकेतही रंगते; तिथे महाविद्यालयीन फुटबॉलच्या नव्या प्रशिक्षकावर अख्खं राज्य महिनोन्‌महिने बोलतं. कित्येक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सर्वाधिक पगार याच प्रशिक्षकाचा असतो. अलाबामा विद्यापीठात निक सेबन सतरा हंगाम होते, त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२४मध्ये ते निवृत्त झाले, केलन डीबोअर आले, आणि पहिल्याच हंगामात चार सामने हरल्यावर लोक त्यांच्यावर तुटून पडले. त्या पैशाचं आणि त्या उतावीळपणाचं अनुकरण नकोच. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे महाविद्यालयाचा संघ गावाला आपला वाटतो. आपल्याकडे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना प्रेक्षक म्हणून खेळाडूंचे मित्रच असतात. महाविद्यालयात नवा क्रीडा संचालक आला की नाही, हे कुणी विचारत नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांची जागा रिकामी राहिली तर पालक सभेत त्याचा विषयही निघत नाही.

कायदा मात्र विचारतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत असा माणूस रोज मैदानावर असतो, हे मोजायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

कुणी म्हणेल, वर करंडक आला की खाली मुलं आपोआप येतात. येतात, हे खरं. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला की तिथे बॅटी जास्त विकल्या जात असतील. पण ती मुलं येतात कुणाकडे? ज्यांच्या बापाला अकादमीची फी आणि किटचा खर्च झेपतो, ती खासगी नेटवर जातात. मोर्शी किंवा बार्शीटाकळीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याहून मागे राहिलेली त्याची बहीण, यांच्यासाठी शाळेतला शिक्षक हाच एकमेव प्रशिक्षक. विदर्भाचा वेगवान गोलंदाज उमेश यादव हा खाण कामगाराचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता, सीझन बॉल हाती आला तो त्यानंतर. पुढे त्याने कसोटीत १७० बळी घेतले. त्याच्या जिद्दीला सलाम. पण अशी हाडं असलेली किती मुलं नजरेलाच पडली नसतील, हा विचार मला बेचैन करतो. प्रतिभा योगायोगाने सापडण्यावर एखाद्या प्रदेशाने समाधान मानू नये.

म्हणून चौकातला वाद थांबवू नका, त्याला खाली आणा. विदर्भाचा पुढचा प्रशिक्षक घरचा असो की बाहेरचा, त्याला पहिला प्रश्न हा विचारा, की तो अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा प्रशिक्षकांबरोबर वर्षातले किती दिवस बसणार? तो गेल्यावर त्याची पद्धत कुणाच्या हाती राहणार? आणि तेवढ्याच आवाजात आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, आपल्या महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना विचारा, की मैदानावरची जागा कधी भरणार, किती पगारावर आणि किती वर्षांसाठी? मोठ्या संघाची नेमणूक आपल्या हातात नाही. ही नेमणूक बऱ्याच अंशी आहे. पंडितांसाठी आणि घनींसाठी तासन्‌तास भांडणाऱ्या माणसांनी गावच्या एका पीटी शिक्षकासाठी एक अर्ज लिहिला, एका सभेत हात वर केला, तर त्या भांडणातून वऱ्हाडाच्या पुढच्या पिढीला खेळ शिकवणारा माणूस मिळेल.