सोपवणे आणि सोडणे

गेल्या भाद्रपदात माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला, तशी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, खरं जपायचं ते आता. पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा."

या विषाणूला मारणारे औषध नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नाही, आणि घोटघोट पेज, नारळपाणी. बाकीचा उपचार म्हणजे पाहणे. ताप उतरताना काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्त दाट होते. येणारेजाणारे 'प्लेटलेट किती?' एवढेच विचारत. डॉक्टर रक्ताचा दाटपणा दाखवणारा हिमॅटोक्रिटही तितक्याच बारकाईने बघत. मी वहीत रकाने आखले: किती प्यायला, लघवी केव्हा झाली, उलटी, पोटदुखी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार की गरम.

रात्री त्याच्या उशाशी बसले असता सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवावर सोपव आणि पड जरा." सोपवायचे म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. इतकी वर्षे ते मला शब्दांचे कोडे वाटे. त्या रात्री मी नुसती बसले होते, आणि तेच माझे काम होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वही सांगत होती: दुपारी एकपासून लघवी नाही. तळवे गार लागले. रात्री आठला दवाखान्यात नेले, सलाइन सुरू झाले. रकाना कोरा दिसला नसता, तर 'दमलाय, झोपू दे' म्हणून आम्ही उजाडेपर्यंत थांबलो असतो, आणि त्या थांबण्याला श्रद्धा म्हटले असते. बरे होणे देवाच्या हाती होते, असे मी आजही मानते. पण पाहणे त्याने माझ्यावर सोपवले होते.

पोराला घरी आणल्यावर तुळशीची कुंडी उचलली. खालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. रोज सकाळी त्याच तुळशीला मी डोळे मिटून पाणी घालत होते. आता दर शनिवारी ताटली घासून कोरडी करते, मग हात जोडते. डोळे उघडे ठेवून.